वडिलांची उंची

ग्लासगोतल्या मराठी मंडळींना मी फिजिओथेरपिस्ट म्हणून माहीत आहे. कुणाची कंबर धरली, कुणाचा खांदा आखडला की अजूनही फोन येतो, "सुनंदाताई, जरा बघता का?" मी रिटायर झाले आहे हे त्यांना सोयीने आठवत नाही. पण शनिवार-रविवारी मी आणखी एक नोकरी करत होते हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक होतं ते हसायचे. संपादकांनी माझ्याकडे परदेशातल्या हॉस्पिटलातले अनुभव मागितले होते. तसे अनुभव माझ्यासारख्या कितीतरी जणींकडे आहेत आणि त्यांनी ते माझ्याहून चांगले लिहिलेत. मी त्या दुसऱ्या नोकरीबद्दल लिहिते. तिच्यात मिरवावं असं थोडंफार आहे. लपवावं असं एकच आहे, आणि ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे. नावं बदलली आहेत.

बर्फावर हॉकी खेळणाऱ्या पोरांची मी पारख करत असे.

आपली हॉकी नव्हे. इथे पायांत स्केट म्हणजे पातं लावलेले बूट असतात, मैदान बर्फाचं असतं, त्याला रिंक म्हणतात, चेंडूऐवजी पक नावाची काळी रबरी चकती असते आणि समोरच्याला धडक मारून पाडणं नियमात बसतं. ब्रिटनमध्ये हा खेळ फुटबॉलच्या शेजारी अंग चोरून उभा होता. स्कॉटलंडच्या काही गावांत मात्र तो चांगला मुरलेला. आजोबा खेळलेले, बाप खेळलेला, आता पोरगा. ऐंशीनंतरच्या त्या दिवसांत प्रत्येक टीममध्ये दोन-तीन कॅनडाहून आणलेले खेळाडू असत. गोल तेच मारायचे, पेपरात फोटो त्यांचेच यायचे. गावातली पोरं बाकावर बसून त्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायची. याची चीड मला पहिल्या महिन्यातच आली आणि ती अजून गेलेली नाही.

मी तिथे पोचले ती गुडघ्यांमुळे. हॉस्पिटलातली माझी एक मैत्रीण एका टीमची फिजिओ होती. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा दोनच महिने जा म्हणून तिने मला अडकवलं. टीमच्या मॅनेजरने मला नखशिखांत न्याहाळलं.

"खेळ कळतो का?" त्याने विचारलं.

"नाही. गुडघे कळतात."

"चालेल," तो म्हणाला. ते दोन महिने बारा वर्षं चालले.

आमचे हे भूलतज्ज्ञ. त्यांना हा प्रकार कधीच पटला नाही. "अगं, मला वीकेंडचा ऑन-कॉल नसतो नेमकी तेव्हा तू रिंकवर. आपण काय फ्रिजवरच्या चिठ्ठीतच भेटायचं का?" मी म्हणायचे, तुम्हीही चला. "त्या कोल्ड स्टोरेजमध्ये? मला घरात हीटिंग लावूनही थंडी वाजते." शेवटी ते थर्मासमध्ये आल्याचा चहा भरून द्यायचे आणि दारातून हात हलवायचे. त्या चहावरच मी टिकले. रिंकमध्ये ओल्या हातमोज्यांचा आणि व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्सचा एक मिश्र वास असायचा, तो कोटातून आठवडाभर जात नसे.

एका शनिवारी मी बाकामागे उभी राहून स्वतःशीच पुटपुटले की या नऊ नंबरचा डावा खुबा आखडलाय, हा आता सगळी वळणं उजवीकडेच घेणार. मागे टोपी घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. त्याने पुढची दहा मिनिटं नऊ नंबर सोडून काही बघितलं नाही. मग वाकून म्हणाला, "गोल कुणी मारला हे सांगणारे मला पुष्कळ भेटतात. का हुकला हे सांगणारं कुणी भेटत नाही." हा वॉल्टर. मूळचा कॅनडाचा, राहायला स्वीडनमध्ये, आणि अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या लीगमधल्या एका क्लबासाठी युरोपभर पोरं हुडकत फिरणारा. ब्रिटनला तो वर्षातून दोनदा यायचा, तेही विमान बदलायच्या निमित्ताने. उरलेल्या वेळी इथे कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसावं आणि त्याला कागद पाठवावेत, एवढंच त्याला हवं होतं. रिंकवर मी "सू" झाले होते. वॉल्टरच्या फायलीतही सूच झाले.

आता ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेत लंगडीला दोन गट पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने नावं घेतात ना, "ही माझी", "ती माझी", तसंच. दर जूनमध्ये तिकडचे सगळे क्लब एका सभागृहात बसतात आणि अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांची नावं आळीपाळीने पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं त्याच्यावर त्या क्लबाचा हक्क. अशा बऱ्याच फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतली पोरं सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्यासाठी माझ्यासारखीची गरज नसते. शेवटच्या फेऱ्यांत मात्र असली नावं निघतात की जी सभागृहात फक्त एका माणसाने ऐकलेली असतात. ब्रिटनचं पोरगं निघालंच तर तिथे निघायचं, आणि लंगडीतल्यासारखंच, शेवटी उरलेल्यांकडे कुणी बघत नसे.

पारखताना पककडे बघायचं नाही, हा पहिला धडा. पककडे तिकीट काढून आलेले लोक बघतात. आपण एक पोरगा धरायचा आणि पक त्याच्यापासून लांब असताना तो काय करतो ते बघायचं. उभा राहतो की जागा शोधतो? चूक झाल्यावर बाकावर येऊन कुणाकडे बघतो, कोचकडे, आईकडे की स्वतःच्या बुटांकडे? पहिली तीन पावलं कशी टाकतो? पडल्यावर कुठल्या हातावर उठतो? यांतलं निम्मं मला हॉस्पिटलात रोज दिसायचं. माणूस चालत आला की त्याचं दुखणं त्याच्या तक्रारीआधी मला कळायचं. म्हणून या कामात मी लवकर तयार झाले आणि तेवढ्याच लवकर मला त्याचा ताठा चढला.

दुसरा धडा वॉल्टरने चहाच्या काउंटरपाशी दिला. "पोरगा आज कसा आहे ते कुणालाही दिसतं. क्लबला तो बाविसाव्या वर्षी कसा असेल ते हवं असतं. ते इथे दिसतं," असं म्हणून त्याने रांगेत उभ्या असलेल्या आईबापांकडे बोट केलं. बापाचे खांदे, बापाची मनगटं, आईची उंची. पोरं सतरा वर्षांची. कुणाची वाढ संपलेली, कुणाची बाकी. ती किती बाकी आहे हे आईबापांवरून ताडायचं. त्याच्या छापील फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकानाच होता, आईवडिलांचा बांधा.

त्या दिवशी मी हसले होते. म्हटलं, हे तर आमच्याकडचं मुलगी बघणं. आणि मग माझं हसू गेलं, कारण ते मी भोगलेलं होतं. आम्ही मिरजेचे. माझी आई लहानपणी झाडावरून पडली होती आणि नीट न जुळल्यामुळे तिचा एक पाय आखूड राहिला. मला बघायला मंडळी यायची. मी पोह्यांच्या बशा घेऊन पुढे आणि आई पाण्याचे ग्लास घेऊन मागे. मंडळींची नजर माझ्यावरून घसरून आईच्या पायावर जायची. तिसऱ्या स्थळाने मध्यस्थाकडून कळवलं की मुलगी पसंत आहे, पण उद्या पुढच्या पिढीत पाय उतरला तर? पडून मोडलेला पाय पिढीत कसा उतरेल, हे त्यांना विचारायला आमच्यात कुणी धजावलं नाही. आमचे हे बघायला आले तेव्हा आई स्वयंपाकघरातच बसून राहिली. मी हाक मारली तरी बाहेर आली नाही.

एवढं सगळं ठाऊक असून मी तो रकाना दर शनिवारी भरत होते. भरता भरता त्याचं काही वाटेनासं झालं.

गमतीही झाल्या. ब्रिस्टलच्या एका मराठी डॉक्टरांना कुठून तरी सुगावा लागला की स्कॉटलंडमध्ये "आपली एक बाई" पोरं निवडते. ते मुलाला घेऊन इतक्या लांबून एका स्पर्धेला आले आणि मला कॅन्टीनमध्ये गाठलं. "वहिनी, तुम्ही मिरजेच्या ना? अहो, आमची आत्या मिरजेलाच दिलेली!" पाच मिनिटांत त्यांच्या आत्याचं घर, तिच्या दिराची नोकरी, त्यांच्या बायकोचं माहेर, सगळं निघालं. "म्हणजे घरचंच झालं की! मग आता काळजी नाही. निखिलबद्दल दोन शब्द जरा जोरात पडू द्या." ते चहा आणायला उठले तसा निखिल माझ्याकडे सरकला.

"मावशी, एक सांगू? मला हॉकी नाही आवडतो. खूप कोल्ड असते. तुम्ही बॅड रिपोर्ट लिहा ना, प्लीज. डॅडला नका सांगू मी बोलला."

मी त्याला शब्द दिला. खोटं काही लिहावं लागलं नाही, पोरगा बर्फावर सुपारीसारखा घरंगळत होता. पुढे तो आर्किटेक्ट झाला आणि दर दिवाळीला मला कार्ड पाठवतो. माझ्या रिपोर्टमुळे सुखी झालेला तो एकच.

हा प्रसंग सांगितला तो गमतीसाठी नाही. आपल्या माणसाला भेटलं की मी पाच मिनिटांत त्याच्या सात पिढ्या काढते. गोऱ्यांच्या बाबतीत मात्र मी तोंड शिवून घेतलं होतं. त्याला कारण होतं. इथल्या हॉस्पिटलातल्या पहिल्या वर्षी मी एका पेशंटला साध्या आपुलकीने विचारलं होतं, लग्न का नाही केलंत, घरी कोण कोण असतं, भाऊ वेगळा का राहतो. वॉर्डच्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "इथे असं विचारत नाहीत, डिअर," ती म्हणाली, आणि ते "डिअर" मला चपराकीसारखं लागलं. त्यानंतर फॉर्मवर असेल तेवढंच विचारायचं, जास्त एक शब्द नाही, हे मी अंगी बाणवलं. इतकं की नव्याने आलेल्या मुलींना मीच ते शिकवू लागले.

आता कॅलम.

समुद्रकाठच्या एका गावच्या टीममध्ये तो होता, ग्लासगोपासून दीड-दोन तासांवर. नव्वदनंतरचा एक हिवाळा. पोरगा सतरा उलटून काही महिन्यांचा, बचावाच्या जागेवर खेळणारा. पहिल्याच मॅचमध्ये मी चहा ओतायचा विसरले. पक जिथे जाणार आहे तिथे हा आधीच जाऊन उभा असायचा. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. कॅनडाहून आणलेले दोन धटिंगण त्याच्या अंगावर यायचे आणि तो त्यांच्या काठ्यांखालून पक काढून घेऊन निघालेला असायचा. बारा वर्षांत असा खेळ मी दुसरा पाहिला नाही. फक्त उंची पाच फूट आठ. त्या काळी तिकडे बचावाला पाच-आठचा माणूस कुणी उभा करत नसे. पहाडासारखी माणसं लागत.

मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी घरची मंडळी नीट बघायला मिळाली. आई बुटकी, हसरी, पाच-दोन असेल. तिच्या शेजारी एक गृहस्थ बसलेला, तिच्याहून जेमतेम चार बोटं उंच, खांद्यांनी रुंद, मान आखूड. त्याने टाय लावला होता. रिंकवर टाय लावून कुणी येत नाही, म्हणून तो लक्षात राहिला. पोराची भली मोठी बॅग तोच उचलत होता. मध्यंतरात पोरगा कठड्यावरून ओरडला, "रॉय, टेप दे!" आणि तो लगबगीने खाली उतरला, काठीला टेप स्वतः गुंडाळून दिली, पोराच्या हेल्मेटवर टपली मारली.

बापाला नावाने हाक ऐकून नवखी असते तर दचकले असते. पण मी आता मुरलेली होते. माझ्या बॉसच्या मुली त्याला सरळ "जॉन" म्हणायच्या. इथली रीतच आहे, असं मनात म्हणून मी वही उघडली.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. बाकावर कॅलम बूट काढून बसला होता आणि त्याची पावलं त्याच्या मानाने फार मोठी होती. हातही मोठे. गालावर अजून नीट दाढी नाही. कुठल्याही फिजिओने यावरून म्हटलं असतं की या पोराची वाढ अजून बरीच बाकी आहे. मीही दुसऱ्या कुणाबद्दल म्हटलं असतं. पण मी पावलांवरून नजर उचलून त्या टायवाल्याच्या आखूड मानेकडे बघितलं आणि वाढ संपली असं ठरवलं.

वॉल्टरचा फोन आला. शेवटच्या फेरीतलं एक नाव क्लब त्याच्या शब्दावर घेणार होता. त्याने कॅलमच्या घरी कळवलंसुद्धा होतं की नाव चर्चेत आहे. "एक फिनलंडचा पोरगा आहे, मोठा पण मंद. आणि एक तुझा. सू, मी तुझा पोरगा एकदाच बघितलाय. तू सांगशील ते."

मी कागद भरला. खेळाची समज, मी पाहिलेल्यांत सर्वांत वरची. स्केटिंग उत्तम. धीर उत्तम. मग तो रकाना. आई पाच-दोन. वडील पाच-पाच, रुंद. आणि खाली शेरा: मुलाची वाढ संपली आहे, निवड वाया घालवू नये. लिहिताना वाईट वाटलं. पण वाईट वाटूनही खरं लिहिलं, पोरगा आवडला म्हणून वाहवले नाही, याचा मला त्या संध्याकाळी चक्क अभिमान वाटला. कार्बन कॉपी फायलीला लावली आणि स्वयंपाकाला लागले. एवढंच विचारायचं होतं की हे तुझे वडील का. मिरजेच्या कुठल्याही बाईने ते पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

जूनमध्ये फिनलंडच्या पोराचं नाव पुकारलं गेलं. तो पुढे कुठेच पोचला नाही.

दोन वर्षांनी रॉय माझ्या क्लिनिकमध्ये काठी टेकत आला. मी ओळखायच्या आत त्यानेच ओळखलं. "अहो, तुम्ही हॉकीवाल्या बाई!" गुडघ्याचं ऑपरेशन त्याने आमच्याकडे करून घेतलं होतं. धंदा कार्पेट बसवायचा. कार्पेट ताणून भिंतीपर्यंत न्यायचं एक अवजार असतं, ते गुडघ्याने ठोकत पुढे सरकायचं. तीस वर्षं ठोकून त्याने स्वतःचा गुडघा घालवला होता. मी त्याला टेबलावर झोपवलं, गुडघा किती वाकतो ते मोजायला घेतलं आणि फॉर्मवरचे प्रश्न सुरू केले. घरी जिना आहे का? आहे. मदतीला कोण?

"कॅलम आहे ना. काल तर मला उचलूनच वर नेलं. सहा फूट एक झालाय तो."

माझा हात गुडघ्यावर तसाच राहिला. "सहा फूट एक?"

"अठरा लागल्यावर सुटला तो सुटलाच. बापावर गेला. तोही विसाव्या वर्षापर्यंत वाढत होता म्हणे. सहा-तीन आहे. समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो कुठेतरी. पोरगा पाच वर्षांचा असताना जो गेला तो गेला."

"आणि तुम्ही?"

"मी? मी मागून आलो," रॉय म्हणाला.

त्या दिवशी मी गुडघ्याचा कोन चुकीचा लिहिला. दुसऱ्या दिवशी तो खोडून दुरुस्त केला. हॉस्पिटलात दुरुस्त करता येतं.

पुढच्या भेटींत उरलेलं कळलं, आणि आता मला काही विचारावंही लागलं नाही. जूनमधल्या त्या शनिवारी तिघंही फोनजवळ बसून होते. फोन आला नाही. रविवारी कॅलमने स्केट्स क्लबाच्या एका लहान पोराला देऊन टाकले आणि सोमवारी रॉयच्या व्हॅनमध्ये बसला. आता रॉयचा गुडघा गेल्यामुळे सगळं काम तोच करायचा. सहा फूट एक इंचाचा पोरगा दिवसभर लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतून गुडघ्यावर रांगत होता. "हुशार आहे, पटकन शिकला," रॉय कौतुकाने म्हणाला. "पण रिंककडे नाही फिरकत. टीव्हीवर लागलं तर उठून जातो."

मी वॉल्टरला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सू, माझी वर्षाला अशी तीन चुकतात."

"ही माझी आहे."

"दोन वर्षं बर्फावर नाही म्हणतेस? मग संपलं ते. सांगू नकोस त्याला, उगाच कशाला?" आणि मग त्याने ग्लासगोत बर्फ पडलाय का ते विचारलं. मी फोन ठेवला. त्यानंतर मी त्याला एकही कागद पाठवला नाही.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, एका पोराचं सिलेक्शन झालं नाही. कुणी मेलं नाही ना? इतकं काय मनाला लावून घेतेस?" ते वाईट अर्थाने बोलले नाहीत. त्यांच्या कामात चूक झाली तर माणूस जातो. माझ्या कामात माणूस राहतो आणि कार्पेट बसवतो. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

रॉयच्या शेवटच्या भेटीला मी ती कार्बन कॉपी पर्समध्ये घालून गेले. व्यायाम संपले. तो मोजे चढवत होता तेव्हा मी सगळं सांगितलं, एका दमात, आणि सांगताना त्याच्या मोज्याकडेच बघत राहिले.

त्याने चढवलेला मोजा नीट वर ओढून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे बघून."

"हो."

"मी त्याला म्हटलं होतं, मी व्हॅनमध्येच बसतो. रिंकवर सगळे सांगायचे, ही माणसं बापाकडे बघतात. मी असा. पण ऐकेना. म्हणाला, तू आत येऊन बसला नाहीस तर मी खेळणार नाही." त्याने दुसरा मोजा हातात तसाच धरला होता. "म्हणून टाय लावला. म्हटलं, निदान नीट तरी दिसू."

मला आई आठवली. हाक मारूनही बाहेर न आलेली. तिला तेव्हा जे कळलं होतं ते रॉयलाही कळलं होतं. त्या फॉर्मवर सही करणाऱ्या मलाच तेवढं कळलं नव्हतं.

"कागद बघू," तो म्हणाला.

मी दिला. त्याने चष्मा लावून, ओळीवर बोट फिरवत वाचला. समज सर्वांत वरची, तिथे थांबून त्याने मान हलवली. मग बोट त्या रकान्यावर आलं आणि तिथेच राहिलं. मी वाट बघत होते की तो ओरडेल. मला ते हवं होतं.

"फादर लिहिलंय," तो म्हणाला.

"हो."

"शाळेच्या फॉर्मवर मला सही करू द्यायचे नाहीत. पासपोर्टच्या वेळीही नाही. कशावरच नाही." त्याने बोट उचललं नाही. "पाच-पाच नाही हं. पाच-सहा आहे मी."

मग त्याने कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "त्याला सांगायचं नाही. तो माझ्यामुळे राहिला हे त्याला कळता कामा नये. सांगणार नाही म्हणा." मी म्हटलं, सांगणार नाही. कागद परत मागायची माझी छाती झाली नाही.

दारात कॅलम न्यायला आलेला होता. चौकटीखालून मान वाकवून आत आला, रॉयची काठी घेतली आणि त्याच्या काखेत हात घातला. त्याच्या पॅंटचे दोन्ही गुडघे झिजून पांढरे पडले होते.

"थँक यू," तो मला म्हणाला. "रॉयला चालतं केलंत तुम्ही."

रॉयचा हात खिशावर होता. मी म्हटलं, जिना सावकाश उतरा.

रॉयला दिलेला शब्द मी आजवर पाळला आहे. हे मराठीत लिहिलंय, तिकडे कुणी वाचणार नाही, म्हणजे शब्द मोडला नाही, असं मी स्वतःची समजूत घालते. खरं सांगायचं तर कॅलमने हे कधीतरी वाचावं आणि माझ्या दारात येऊन एकदा तरी माझ्यावर ओरडावं, असं मला अजूनही वाटतं. कधी कुठे भेटला तर तो अजून मला थँक यूच म्हणतो.